काळाचें माप आणि संगणक

गतवर्षीं आमच्या शाळेच्या संगणकवर्गांत एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग लहान खरा. परंतु त्यापासून आम्हां शिक्षकांस जो धडा मिळाला तो लहान नव्हता, म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस आम्हीं एक काम दिलें होतें. एका मोठ्या मजकुरांत प्रत्येक शब्द किती वेळां आला आहे तें मोजणारी आज्ञावली, म्हणजे व्यवहारांत ज्यास प्रोग्राम म्हणतात ती, त्यांनीं पायथन भाषेंत लिहावयाची होती. ज्याची आज्ञावली बिनचूक व सर्वांत जलद ठरेल त्यास वर्गातर्फे एक पुस्तक बक्षीस मिळावयाचें होतें. शेवटीं दोनच आज्ञावल्या उरल्या. एक एका मुलीची व दुसरी एका मुलाची. दोहोंचीं उत्तरें तंतोतंत जुळलीं. मग आम्हीं प्रथम मुलीची आज्ञावली चालविली व लागलेला वेळ फळ्यावर लिहिला. नंतर मुलाची चालविली. दुसरीस पहिलीच्या जवळ जवळ निमाच वेळ लागला. आम्हीं तत्काळ निकाल सांगितला, वर्गानें टाळ्या वाजविल्या आणि पुस्तक मुलास देण्यांत आलें.

दुसऱ्या दिवशीं शाळा भरण्यापूर्वीं ती मुलगी आमच्याकडे आली व नम्रपणें म्हणाली, "सर, आमच्या दोघांच्या आज्ञावल्या मीं ओळीस ओळ लावून पाहिल्या. रीत एकच आहे. मग वेळ दुप्पट कां लागावा, हें मला समजत नाहीं. आज त्याची आधीं व माझी मागून चालवून पाहाल कां?" यंत्र नुकतेंच सुरू केलेलें होतें. आम्हीं क्रम उलटा केला. आणि काय आश्चर्य! आज मुलाची आज्ञावली मंद ठरली व मुलीची जलद. म्हणजे आदल्या दिवशीं आम्हीं आज्ञावल्यांचा वेग मोजलाच नव्हता. आधीं कोण धांवलें आणि मागून कोण, एवढेंच काय तें मोजलें होतें.

ही चूक कशी झाली व ती कशी टाळावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आपल्याकडे पूर्वीं घटिकापात्रानें वेळ मोजीत असत. तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें झालीं असें समजावयाचें. घटिकेचीं ६० पळें; म्हणजे एक पळ २४ सेकंदांचें. मुहूर्त साधण्यास एवढें माप पुरेसें होतें. परंतु संगणकाचा कारभार नॅनोसेकंदांत चालतो. नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. तेवढ्या अवधींत प्रकाशदेखील सुमारें ३० सेंटिमीटर, म्हणजे अदमासें एक फूटच अंतर जातो. अमेरिकेच्या आरमारांतील प्रसिद्ध संगणकविदुषी ग्रेस हॉपर या व्याख्यानाच्या वेळीं श्रोत्यांस फूटभर लांबीचे तारेचे तुकडे वांटीत आणि 'हा पाहा नॅनोसेकंद' असें समजावून देत. इतक्या सूक्ष्म अवधींत जें घडतें तें डोळ्यांनीं अजमावतां येणार नाहीं, हें उघड आहे. तें मोजलेंच पाहिजे, आणि विचारपूर्वक मोजलें पाहिजे.

प्रथम पायथन भाषेचा स्वभाव थोडासा पाहूं. ही भाषा गायडो व्हॅन रॉसम यांनीं निर्माण केली व तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांस स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात त्या वर्गांत हिची गणना होते. कांहीं भाषांत लिहिलेली आज्ञावली चालविण्यापूर्वींच यंत्राच्या स्वतःच्या भाषेंत पूर्णपणें उतरविली जाते. पायथनची नेहमींची रीत निराळी आहे. तेथें आपण लिहिलेल्या मजकुराचें प्रथम एका मधल्या रूपांत रूपांतर होतें, आणि मग इंटरप्रिटर नांवाचा दुभाष्या तें रूप वाचून एकामागून एक आज्ञा यंत्राकडून करवून घेतो. या दुभाष्याच्या प्रत्येक पावलास कांहीं वेळ लागतो. दहा लाख संख्यांची बेरीज एक एक संख्या घेऊन आपण केली तर दुभाष्यास निदान दहा लाख वेळां तरी तीं तीं पावलें टाकावीं लागतात. तीच बेरीज भाषेंत तयार असलेल्या 'सम' या साधनाकडे सोंपविली, तर तें साधन सी भाषेंत लिहून आधींच यंत्रभाषेंत उतरविलेलें असल्यामुळें काम पुष्कळ लवकर आटोपतें. उत्तर तेंच, वेळ मात्र निराळा. केवळ ओळींची संख्या पाहून असा भेद कळत नाहीं.

आतां मोजावयाचें तें काय, हा प्रश्न येतो. एखादा मुलगा सायंकाळीं सहा वाजतां गृहपाठास बसला व आठ वाजतां उठला. मध्यंतरीं तो जेवला, शेजारच्या काकूंस निरोप देऊन आला. खरा अभ्यास झाला एक तास. त्याच्या आईनें विचारलें तर 'दोन तास लागले' हेंही खरें आणि 'एक तास अभ्यास केला' हेंही खरें. संगणकाचेंही तसेंच आहे. आरंभापासून अंतापर्यंत गेलेला सगळा अवधि हें एक माप. आणि यंत्राच्या प्रोसेसरनें आपल्या आज्ञावलीसाठीं प्रत्यक्ष खर्चिलेला वेळ हें दुसरें माप. आज्ञावली चकतीवरून फाईल येण्याची वाट पाहात थांबली असेल तर तो वेळ पहिल्या मापांत येतो, दुसऱ्यांत येत नाहीं. कोणतें माप घेतलें हें न सांगतां नुसता आंकडा सांगणें म्हणजे शेर कीं किलो हें न सांगतां वजन सांगण्यासारखें आहे.

पायथनमध्यें या कामासाठीं निरनिराळीं घड्याळें आहेत. 'टाइम' या संचांतील 'टाइम' नांवाचेंच घड्याळ १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद लोटले तें सांगतें. हें भिंतीवरच्या घड्याळासारखें होय. दिनांक व वेळ सांगण्यास तें उत्तम. पण शर्यतीस उपयोगी नाहीं. कारण इंटरनेटवरील प्रमाणवेळेशीं जुळवून घेतांना यंत्र तें मधूनच पुढें किंवा मागें सारतें. शिवाय विंडोज प्रणालीवर बरींच वर्षें हें घड्याळ सेकंदाच्या सुमारें चौसष्टाव्या भागाच्या टप्प्यानें पुढें सरकत असे. त्याहून लहान काम मोजूं गेल्यास कित्येकदां उत्तर शून्य येई. शाळेच्या क्रीडास्पर्धेंत शंभर मीटरांची धांव सभागृहांतील घड्याळाकडे पाहून कोणी मोजीत नाहीं. त्यास स्टॉपवॉचच लागतें. पायथनमधील असें स्टॉपवॉच म्हणजे 'पर्फ-काउंटर'. हें २०१२ सालीं पायथनच्या ३.३ या आवृत्तींत आलें. तें कधीं मागें जात नाहीं, व त्या यंत्रावर मिळूं शकणारी अधिकांत अधिक सूक्ष्मता तें देतें. त्याच्या एकट्या आंकड्यास अर्थ नसतो; काम सुरू होतांना एक व संपतांना एक असे दोन आंकडे घेऊन त्यांची वजाबाकी करावयाची. प्रोसेसरनें खर्चिलेला वेळच तेवढा हवा असेल तर 'प्रोसेस-टाइम' हें तिसरें घड्याळ आहे.

येथें एक बोधप्रद गोष्ट सांगण्यासारखी आहे. पायथनमध्यें पूर्वीं 'क्लॉक' नांवाचें एक साधन होतें. युनिक्स जातीच्या यंत्रांवर तें प्रोसेसरचा वेळ सांगे, आणि विंडोजवर मात्र एकंदर लोटलेला वेळ सांगे. एकाच नांवाचीं दोन मापें! त्यामुळें दोन यंत्रांवरील आंकडे ताडून पाहणारा फसे. अखेर २०१९ सालच्या ३.८ या आवृत्तींतून तें साधन काढून टाकण्यांत आलें.

योग्य घड्याळ घेतलें म्हणजे सर्व झालें काय? नाहीं. एकच आज्ञावली, त्याच यंत्रावर, लागोपाठ पांच वेळां चालवावी. पांचही वेळां निराळा आंकडा येतो. समजा, ते आंकडे ४१, ३८, ३९, ५७ व ३८ मिलिसेकंद असे आले. यांतील खरा कोणता? आपल्याला वाटतें कीं यंत्र आपलेंच काम करीत आहे. परंतु त्याच वेळीं तें पडदा रंगवितें, इंटरनेटवरील निरोप घेतें, आणखी अनेक आज्ञावल्यांस थोडा थोडा वेळ वांटून देतें. प्रोसेसर तापला तर आपला वेग स्वतःच कमी करतो. पायथनदेखील मधून मधून नको झालेल्या वस्तूंची झाडलोट करून स्मृतींतील जागा मोकळी करतें. हे सर्व अडथळे वेळ वाढवितात. कामास वस्तुतः लागणाऱ्या वेळापेक्षां कमी वेळांत तें पुरें करून देणारा अडथळा कोणताच नाहीं. म्हणून अशा मोजणींत सर्वांत लहान आंकडा सत्याच्या अधिक जवळ असतो. वरील पांच आंकड्यांची सरासरी ४२.६ येते, पण पांचांपैकीं चार आंकडे सरासरीच्या खालींच आहेत. एकट्या ५७ नें तिला वर ओढलें. ३८ हा आंकडा दोनदां आला आहे, आणि कामाचें खरें माप तोच अधिक चांगलें दाखवितो. अर्थात् ज्या कामांत चढउतार हा कामाचाच भाग असतो, जसें दूरच्या यंत्राकडून माहिती मागविणें, तेथें केवळ लहानांत लहान आंकडा सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तेथें मधला आंकडा व मोठ्यांत मोठा आंकडाही सांगावा.

काम फार लहान असेल तर आणखी एक अडचण येते. घड्याळ पाहण्यासही वेळ लागतो, आणि कित्येकदां तो कामाच्या वेळेहून अधिक भरतो. तांदळाच्या एका दाण्याचें वजन वाण्याच्या तराजूवर होत नाहीं. हजार दाणे घालावे, वजन करावें व हजारांनीं भागावें. हीच युक्ति 'टाइमइट' या साधनांत योजिली आहे. तें २००३ सालच्या २.३ या आवृत्तीपासून पायथनबरोबरच मिळतें. आपण संख्या न सांगितल्यास तें दिलेलें काम दहा लाख वेळां करून एकंदर वेळ सांगतें. त्यास दहा लाखांनीं भागलें म्हणजे एका वेळचा हिशेब निघतो. हा सगळा प्रयोग पुनः पुनः करण्याची सोयही त्यांत आहे. मोजणी चालूं असतां तें वर सांगितलेली झाडलोट थांबवून ठेवतें. आपल्या कामांत ती झाडलोटच महत्त्वाची असेल तर ती मुद्दाम चालूं ठेवावी लागते, हें ध्यानांत असावें.

आतां आमच्या चुकीकडे वळूं. आमचें घड्याळ आज्ञावलीच्या पहिल्या ओळीस सुरू होत होतें. म्हणजे चकतीवरून मजकूर वाचण्याचा वेळही त्यांत धरला जात होता. एकदां वाचलेली फाईल यंत्र कांहीं काळ आपल्या स्मृतींत ठेवतें, कारण ती लवकरच पुनः मागितली जाण्याचा संभव असतो. मुलीच्या आज्ञावलीस मजकूर चकतीवरून आणावा लागला. मुलाच्या आज्ञावलीस तो स्मृतींत आयता मिळाला. विहिरीवरून घागर भरून आणणाऱ्यानें आणि भरलेल्या घागरींतून तांब्या बुडवून घेणाऱ्यानें सारखेंच पाणी दिलें, तरी त्यांच्या वेळेची तुलना होऊं शकत नाहीं. 'उचलली जीभ लावली टाळ्याला' या म्हणीप्रमाणें आम्हीं निकाल देऊन मोकळे झालों होतों.

मग आम्हीं पुन्हां मोजणी केली. घड्याळ सुरू करण्यापूर्वींच मजकूर वाचून घेतला. उत्तर पडद्यावर छापण्यासही बराच वेळ लागत असल्यामुळें छपाई घड्याळ बंद केल्यानंतर ठेविली. दोन्ही आज्ञावल्या आळीपाळीनें वीस वीस वेळां चालविल्या आणि प्रत्येकीचा लहानांत लहान आंकडा घेतला. दोहोंतील अंतर इतकें थोडें निघालें कीं, एकाच आज्ञावलीच्या दोन खेपांतील अंतर त्याहून मोठें होतें. अशा ठिकाणीं श्रेष्ठकनिष्ठ ठरविणें म्हणजे न्यायाची थट्टा होय. आम्हीं वर्गापुढें आपली चूक सांगितली व त्याच पुस्तकाची दुसरी प्रत त्या मुलीस दिली. पहिल्या बक्षिसाचा मानकरी सर्वांआधीं टाळ्या वाजवूं लागला, हें येथें नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो.

मापाच्या चुकीनें एखाद्याचें केवढें नुकसान होतें, याचें इतिहासांत एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इंग्लंडांत ग्रीनिच येथील वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलाइन यांनीं १७९६ सालीं डेव्हिड किनेब्रूक नांवाच्या आपल्या मदतनिसास कामावरून दूर केलें. दुर्बिणींतील तारेपुढून नक्षत्र केव्हां जातें तें डोळ्यांनीं पाहावयाचें व घड्याळाचे ठोके कानांनीं ऐकावयाचे, अशी तेव्हां वेध घेण्याची रीत होती. किनेब्रूकनें नोंदलेली वेळ मॅस्केलाइन यांच्या वेळेहून सुमारें आठ दशांश सेकंदानें मागें पडे. यावरून तो सदोष ठरला. पुढें जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांनीं या गोष्टीचा शोध घेतला तेव्हां असें दिसून आलें कीं, कोणत्याही दोन निरीक्षकांच्या नोंदींत असें कांहींना कांहीं अंतर पडतेंच. उत्तमोत्तम निरीक्षकही त्यास अपवाद नाहींत. दोष माणसाच्या हयगयीचा नव्हता, मापनाच्या रीतींत दडलेला होता. परंतु किनेब्रूकची नोकरी तोंवर गेली ती गेलीच.

विद्यार्थ्यांस घरीं करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतों. हजेरीपटांत एकच नांव दोनदां आलें आहे काय, हें शोधावयाचें आहे. पहिली रीत अशी कीं, प्रत्येक नांव दुसऱ्या प्रत्येक नांवाशीं ताडून पाहावें. नांवें १,००० असतील तर ४,९९,५०० तुलना होतात. नांवें २,००० झालीं तर १९,९९,००० होतात. नांवें दुप्पट, काम चौपट! दुसरी रीत अशी कीं, पायथनमधील 'सेट' म्हणजे संच घ्यावा, एक एक नांव त्यांत घालीत जावें आणि घालण्यापूर्वीं तें तेथें आहे काय तें विचारावें. संचांत प्रत्येक नांवाची जागा त्या नांवावरूनच गणितानें काढलेली असते. ग्रंथालयांत क्रमांक पाहून नेमक्या फळीकडे जावें तसें हें आहे. त्यामुळें नांवें दुप्पट झालीं तर काम जवळ जवळ दुप्पटच होतें. दोन्ही रीतींनीं आज्ञावली लिहावी. ५००, १,०००, २,००० व ४,००० निरनिराळीं नांवें घेऊन प्रत्येक वेळीं लागलेला वेळ कागदावर मांडावा आणि आलेख काढावा. एकटा आंकडा जें सांगत नाहीं तें या आंकड्यांची वाढ सांगते. नांवें एक लाख झालीं तर पहिल्या रीतीनें ४,९९,९९,५०,००० तुलना, म्हणजे सुमारें पांचशें कोटि तुलना कराव्या लागतील, हेंही गणित प्रत्येकानें स्वतः करून पाहावें.

पालकांस येथें एक विनंती आहे. 'आपला संगणक मंद आहे, नवा घ्या' असें मुलानें म्हटल्यास त्यास रागें भरूं नये आणि लगेच खर्चही करूं नये. 'कोणतें काम मंद होतें तें मोजून दाखव' असें त्यास सांगावें. दुप्पट वेगाचें यंत्र आणलें तर वरील पहिल्या रीतीचा वेळ निमा होईल. पण हजेरीपट दुप्पट होतांच तो पुनः पूर्वींच्या दुपटीवर जाईल. रीत सुधारली तर जुनें यंत्रही पुष्कळदां पुरतें. आणि मोजून पाहिल्यावर यंत्रच खरोखर अपुरें ठरलें, तर तो खर्च डोळस होईल.

शेवटीं सर्व बोलण्याचें सार सांगतों. आधीं उत्तर बरोबर आहे कीं नाहीं तें पाहावें. चुकीच्या उत्तराच्या वेगास कांहीं किंमत नाहीं. काय मोजावयाचें तें ठरवून मगच घड्याळ सुरू करावें. स्टॉपवॉचचें काम भिंतीवरच्या घड्याळाकडून घेऊं नये. एकदां मोजून थांबूं नये. पुष्कळ वेळां मोजावें व क्रम बदलून मोजावें. दोघांतील अंतर हें एकाच्या स्वतःच्या चढउताराहून लहान असेल तर निकाल देऊं नये. आणि ज्यास आपण मंद ठरविलें तो 'पुन्हां मोजा' म्हणून आला, तर त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. आमच्या वर्गांतील त्या मुलीनें तसें म्हटलें नसतें, तर आमची चूक आजही फळ्यावरच्या आंकड्यांच्या जोरावर खरी म्हणून मिरवत राहिली असती.